सगळ्यांनी थोडी थोडी सुधारलेली कवळी

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहायचं आणि बाकीच्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, हे मी आधी विचारून घेतलं. साष्टांगाचं म्हणाल तर मी स्टुलावर बसून लिहितो आहे, त्यामुळे प्रत्यक्षात दोन-तीनच अंगं वाकली आहेत. उरलेली भेटीत वाकवीन.) तुमचा गुडघा, मामींचं पित्त आणि दुकानाचं शटर, जे मागच्या खेपेला अर्ध्यावर अडकून बसलं होतं, या तिघांची तब्येत कशी आहे ते कळवावं. इकडे आई बरी आहे. मीही बरा आहे. नोकरीही आहे, म्हणजे आज सायंकाळी सव्वापाच वाजता मी तिथून निघालो तेव्हा होती. खरं तर फोनच करणार होतो, पण आई म्हणाली, "मामाशी फोनवर बोलताना तुझं ततपप होतं, आणि तो मध्येच गिऱ्हाइकाशी बोलायला लागतो. त्यापेक्षा लिही." म्हणून लिहितो आहे. पत्रामागे तसं काही विशेष कारण नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो, म्हणजे तुम्ही शेवटचं पान आधी वाचणार नाही.

मी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्यांकडे कामाला आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, पण तिथे नेमकं काय चालतं ते मी कधी सविस्तर सांगितलं नाही, कारण आपण भेटतो ते जेवायच्या वेळी आणि जेवताना तो विषय आई काढू देत नाही. दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली लांब टेबल, टेबलावर स्पिरिटचे दिवे, आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर लोकांच्या जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे, प्रत्येकावर नंबर. (नवीन माणूस आत आला की त्याला वाटतं सगळे आपल्याला हसताहेत. आठवडाभरात सवय होते.) दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, मी त्यात प्लॅस्टर ओततो, आणि जबडा तयार झाला की तो मेणवाल्या काकांकडे जातो. मेणवाले काका एकतीस वर्षं या टेबलाशी आहेत. ते मेणात एकेक दात बसवतात, बसवेपर्यंत कुणाशी बोलत नाहीत, आणि बसवून झाल्यावरही फारसं बोलत नाहीत. मग रंगबाई हिरड्यांना आणि दातांना माणसाच्या वयाप्रमाणे रंग देतात (सत्तरीच्या माणसाला पांढरेशुभ्र दात दिले तर ते शेजाऱ्याकडून मागून आणल्यासारखे दिसतात, असं त्या म्हणतात), आणि शेवटी घासूमास्तर चाकावर घासून चकाकी आणतात. त्यांचं तोंड चाकापेक्षा जास्त फिरतं. असे आम्ही चौघं, आणि वर मालक, जे पूर्वी स्वतः मेणाचं काम करायचे आणि आता फोनवर बोलतात.

तर दोन महिन्यांपूर्वी यंत्र आलं. कपाटाएवढं आहे, पुढे काचेचं दार. आत पांढरी चकती ठेवायची, दार लावायचं, आणि चाळीस मिनिटांत दात कोरून बाहेर. ते दारातून आत येईना म्हणून चौकट फोडली, आणि आत आल्यावर त्याला जागा हवी म्हणून माझं टेबल उचलून मागच्या बोळात ठेवलं. बोळानंतर एक पायरी आहे आणि पायरीनंतर रस्ता, हे माझ्या लगेच लक्षात आलं. शिवाय हे यंत्र तोंडाचं माप उजेडाने घेतं. डॉक्टर एक दांडी तोंडात फिरवतात आणि त्याचं चित्र थेट आमच्याकडे येतं. म्हणजे मामा, त्याला मेण थोडं लागतं, रंग थोडा लागतो, घासणंही थोडं लागतं, पण प्लॅस्टर अजिबात लागत नाही. नववीत शाळा सुटल्यानंतर ज्या एका कामात मला कुणी प्रमाणपत्र विचारलं नाही, नेमकं तेच काम यंत्राने वगळलं. मी दोन दिवस त्याच्या माहितीपुस्तकात प्लॅस्टर हा शब्द शोधत होतो. एकदा सापडला. 'यंत्राजवळ प्लॅस्टरची धूळ येऊ देऊ नये' असं लिहिलं होतं.

मालकांनी सगळ्यांना बोलावलं, खुर्चीतून उठून उभे राहिले (ते आमच्यासाठी कधी उठत नाहीत) आणि म्हणाले की यंत्र आलं म्हणून कुणाचीही नोकरी जाणार नाही, कुणी घाबरू नये, आपण एक कुटुंब आहोत. तोवर, मी सोडून, कुणी घाबरलेलं नव्हतं. घासूमास्तर तर यंत्राला टेकून फोटो काढून घरी पाठवणार होते. पण बाहेर आल्यावर मेणवाले काका म्हणाले, "आपण कुणी विचारलं होतं का? न विचारता उत्तर देतोय म्हणजे प्रश्न त्याच्या डोक्यात आहे." हे त्यांचं त्या महिन्यातलं सर्वांत लांब बोलणं होतं, त्यामुळे त्याचा परिणाम फार झाला. रंगबाई म्हणाल्या, "आणि कुटुंब म्हणाला. माझ्या सासऱ्यांनी वाटण्या करायच्या आदल्या दिवशी हेच म्हटलं होतं."

त्या दिवसापासून आमच्याकडे कुणी रजा घेईना. रंगबाई अंगात ताप घेऊन आल्या आणि एका साठीच्या माणसाच्या हिरड्या जांभळ्या रंगवून बसल्या. मी रोज नऊला दहा कमी असताना पोचतो, तर एक दिवस बघतो, घासूमास्तर साडेआठपासून पुढच्या दाराच्या पायरीवर बसलेले. म्हणाले, "सहज आलो, बस लवकर मिळाली." दुसऱ्या दिवशी मी आठ वीसला गेलो, तर रंगबाई डबा मांडीवर घेऊन बसलेल्या, त्यांनाही बस लवकर मिळाली होती. असं करत करत पंधरा दिवसांत आम्ही चौघं सकाळी साडेसातला पायरीवर ओळीने बसायला लागलो. किल्ली मालकांकडे असते आणि मालक नऊला येतात. त्यांनी कोपऱ्यावरून आम्हाला पाहिलं आणि त्यांना वाटलं आम्ही काही मागण्या घेऊन बसलो आहोत. मग तेच घाबरले आणि मागच्या बोळातून यायला लागले.

याहून वाईट म्हणजे प्रत्येकाने आपापली विद्या लपवायला सुरुवात केली. मेणवाले काका आमच्याकडे पाठ करून मेण वितळवू लागले आणि मेणाच्या डब्यावरचं नाव त्यांनी नखाने खरवडून काढलं. रंगबाई कुंचले पर्समध्ये घालून घरी नेऊ लागल्या. घासूमास्तरांकडे लपवण्यासारखं काही नव्हतं, कारण ते जे काय करतात ते गेली वीस वर्षं सगळ्यांना मोठ्याने सांगतच करतात, म्हणून त्यांनी एक गुपित नवीन तयार केलं. रोज दुपारी चाकावर टॉवेल टाकून त्याखाली हात घालून ते दोन मिनिटं काहीतरी करायचे. मी नंतर विचारलं तर म्हणाले, काहीच करत नव्हतो, बोटं मोजत होतो. माझी पंचाईत अशी की प्लॅस्टरमध्ये गुपित नसतं. पाणी किती घालायचं ते पोत्यावरच छापलेलं असतं. (एकदा मी पोतं उलटं करून ठेवलं. मालकांनी येऊन सुलटं केलं.)

मग मालकांनी प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि म्हणाले की तुम्ही नेमकं काय काम करता ते लिहा, फक्त माहितीसाठी. मेणवाल्या काकांनी 'दात' एवढंच लिहिलं. घासूमास्तरांनी लिहिलं, 'मी नसलो म्हणजे कळेल.' मी मन लावून अकरा पानं लिहिली, शेवटी बादलीची आकृती काढली, आणि शुद्धलेखनासाठी पुन्हा वाचायला बसलो तेव्हा मला घाम फुटला. हे वाचून कुणीही एका सकाळीत माझं काम शिकलं असतं. मी मालकांच्या टेबलावरून ती पानं परत आणली आणि त्याजागी अर्धं पान ठेवलं, त्यात लिहिलं, 'प्लॅस्टर कालवतो. दिसतं तितकं सोपं नाही.'

यंत्राबरोबर कंपनीने एक मुलगी पाठवली होती, तीन महिन्यांसाठी, यंत्र चालवायला आणि आम्हाला शिकवायला. तिला आम्ही आपसात चष्मेवाली म्हणायचो. ती कुणाशी बोलायची नाही, डबा एकटी खायची, आणि आम्ही तिकडे पाहिलं की काचेच्या दारावर फडकं फिरवायची. रंगबाईंचं मत पडलं की शिकल्याचा गर्व आहे. आम्हाला काय माहीत की तिलाही धाकधूक होती. यंत्र आमच्याकडे नीट रुळलं नाही तर ते परत जाणार आणि तिला कंपनी घरी बसवणार, असं तिला बजावून पाठवलं होतं. म्हणजे आम्ही तिला भीत होतो आणि ती आम्हाला, आणि मध्ये बिचारं यंत्र, ज्याला कसलीच भीती नव्हती.

अशात मुख्याध्यापिकाबाई आल्या. त्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या, वय चौऱ्याहत्तर, आमचं जुनं गिऱ्हाईक. तेरा वर्षांपूर्वी मेणवाल्या काकांनी केलेली त्यांची कवळी सैल झाली होती. मालकांना कल्पना सुचली की बाईंसाठी दोन कवळ्या करायच्या, एक हाताने आणि एक यंत्राने, दिसायला अगदी सारख्या. कोणती कुठली हे बाईंना सांगायचं नाही. त्या घालून बघतील, जी पसंत पडेल ती ठेवतील, आणि मग पुढचं ठरवू. पुढचं म्हणजे काय, ते मालकांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही, कारण आम्ही घाबरू नये असं पुन्हा उत्तर मिळालं असतं. पण सगळ्यांना कळलं होतं. हाताची हरली की पहिलं जाणार ते बोळातलं टेबल.

हाताची कवळी सोमवारी दुपारी तयार झाली. मेणवाल्या काकांनी ती उजेडात धरून पाहिली, "झालं" म्हणाले आणि खिडकीच्या कट्ट्यावर एका वाडग्यात पाण्यात ठेवली. शेजारच्या वाडग्यात यंत्राची. बाई गुरुवारी अकराला येणार होत्या. मामा, त्याच क्षणी कुणी ते वाडगं कुलूपबंद केलं असतं तर हे पत्र इतकं लांबलं नसतं.

एक वाजून दहा मिनिटांनी सगळे हात धुवायला गेले तेव्हा मी फक्त बघायला म्हणून कट्ट्यापाशी गेलो. आमच्याकडे बिजागरीचा एक लोखंडी जबडा असतो, त्यात कवळी अडकवून मध्ये निळा कार्बन कागद ठेवून मिटायची. जिथे दात जास्त टेकतो तिथे गडद ठिपका उमटतो. सगळे ठिपके फिके उमटले, आणि डावीकडच्या शेवटच्या दाढेवर एक थोडासा गडद. केसभर. मला वाटलं, हाच केस बाईंना टोचणार, आणि त्या एका केसापायी माझं टेबल बोळातून रस्त्यावर जाणार. घासायची मला परवानगी नाही. तरी मी घासायचा दगड घेतला आणि एक केस कमी केला. मग कवळी पुन्हा पाण्यात ठेवली, वाडग्यातलं पाणीसुद्धा होतं तितकंच राहील असं पाहिलं, आणि डबा खायला बसलो. मनाला बरं वाटत होतं.

आता पुढचं मला नंतर कळलं ते सांगतो. मी घासल्यामुळे त्या दाढेचा रंग थोडा उडाला होता. मंगळवारी सकाळी रंगबाईंना ते दिसलं. त्यांना वाटलं आपलाच हात तापात चुकला. त्यांनी कुणाला न सांगता ती जागा केसभर खरवडली आणि नव्याने रंगवली. दुपारी घासूमास्तरांनी कवळी टॉवेलखाली नेली (टॉवेलखाली प्रथमच काही काम झालं), आणि त्यांना आढळलं की डावी बाजू खाली बसते आहे, म्हणून त्यांनी उजवी केसभर उतरवली. संध्याकाळी मेणवाल्या काकांनी जाता जाता हात लावून पाहिला, तर त्यांना आपलीच कवळी ओळखू येईना. एकतीस वर्षांत आपल्याकडून असं कधी झालं नाही, नेमकं आता म्हातारपण आलं, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी मुकाट्याने दोन्ही बाजू जुळवून घेतल्या. बुधवारी मी पुन्हा कार्बन लावला. आता उजवीकडची गडद होती. मग मी उजवीकडची घेतली. त्यानंतर त्या दिवशी कोण कोण आलं याचा नीट हिशोब लागत नाही, पण बुधवारी संध्याकाळपर्यंत दाढांवरचे सगळे उंचवटे जाऊन त्या पाटासारख्या सपाट झाल्या होत्या, आणि आम्ही चौघंही आत्मविश्वासाने घरी गेलो.

गुरुवारी बाई आल्या. ताठ बसल्या, चष्मा लावला, आरसा हातात घेतला, आणि पहिली कवळी तोंडात बसवली. मग त्यांनी तोंड मिटलं. ते मिटतच गेलं. ओठ आत गेले, हनुवटी वर आली, नाक खाली आलं, आणि पाच सेकंदांत बाई नव्वदीच्या दिसायला लागल्या. मालकांनी घाईने वर्तमानपत्र दिलं आणि काही वाचून बघा म्हणाले. बाईंनी बातमी वाचायला घेतली. पहिल्याच 'शहरात' या शब्दाला अशी शिट्टी वाजली की बाहेर रस्त्यावर एक सायकलवाला पाय टेकून आत बघायला लागला. आम्ही चौघांनी आपापल्या नखांकडे पाहिलं. मग बाईंनी दुसरी घातली. चष्मेवाली काचेच्या दाराला हात धरून उभी होती. दुसरीनेही तोंड तसंच मिटलं, आणि शिट्टीही वाजली, जरा खालच्या सुरात. सायकलवाला अजून तिथेच होता.

बाईंनी दोन्ही कवळ्या रुमालावर शेजारी शेजारी ठेवल्या, पर्समधून जुनी सैल कवळी काढून घातली, आणि म्हणाल्या, "या दोन्ही एकाच माणसाने केल्यात. आणि तो माणूस घाबरलेला आहे."

मालक लाल झाले. हाताच्या कवळीला कुणी हात लावला, असं त्यांनी एकेकाला विचारलं, आणि एकेकाने छताकडे पाहिलं. आणि इथे मामा, मला माझा स्वभाव नडला. कट्ट्याशेजारी सुतळीला कामाची वही टांगलेली असते. कुठल्याही कामाला हात लावला की तारीख, वेळ आणि काय केलं ते त्यात लिहायचं. ती वही रोज नीट भरणारा आमच्यात एकच आहे. मालकांनी ती उघडली आणि मोठ्याने वाचली. 'सोमवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. कवळी क्रमांक एक. डावीकडची शेवटची दाढ, केसभर. हस्ते प्लॅस्टर.' आणि त्याखाली, 'बुधवार, एक वाजून बारा मिनिटं. उजवीकडची, केसभर. हस्ते तोच.'

घासूमास्तर हळूच म्हणाले, "अरे बाबा, चोरी केलीस ती केलीस, पावती कशाला फाडलीस?"

मी मनात आईला काय सांगायचं ते जुळवत होतो, आणि पहिल्या वाक्यापुढे काही जुळत नव्हतं. तेवढ्यात रंगबाई म्हणाल्या, "त्या पोराला काय बोलता, मंगळवारी मी खरवडली आहे." मग घासूमास्तरांनी खाकरून टॉवेलची हकिगत सांगितली (चार मिनिटं, थोडक्यात सांगतो म्हणून). मग मेणवाले काका म्हणाले, "मी पण." बाई आरसा खाली ठेवून वर्गात बसल्यासारख्या ऐकत होत्या. सगळ्यात शेवटी चष्मेवाली रडवेल्या आवाजात म्हणाली की दुसऱ्या क्रमांकाच्या दाढा तिने हाताने घासल्या, कारण यंत्राचं चुकलं असतं तर तिला घरी बसवलं असतं. रंगबाईंनी लगेच आपलं स्टूल तिच्याकडे सरकवलं. बसता बसता ती म्हणाली, "पण ती टाळूच्या बाजूनेही घासलेली आहे, ते मी केलेलं नाही." तिच्याकडची तर आम्ही कुणीही घासलेली नव्हती. मग आम्ही सगळे मालकांकडे बघायला लागलो आणि मालक भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. ते मागच्या वर्षाचं होतं.

बाईंनी विचारलं, "इतक्या जणांनी हात लावला, एकालाही दुसऱ्याला विचारावंसं वाटलं नाही?" मालक माझ्या प्लॅस्टरच्या पोत्यावर बसले (मागून पांढरे झाले, पण ते सांगायची ती वेळ नव्हती) आणि म्हणाले, "खरं सांगतो, पुढे काय होणार मला माहीत नाही. यंत्र घेतलं नसतं तर डॉक्टर दुसरीकडे गेले असते. घेतलं तर तुम्ही असे वागायला लागलात. मलाही झोप नाही." आणि गंमत बघा मामा, घाबरू नका म्हणाले तेव्हा आम्ही सगळे घाबरलो, आणि मला माहीत नाही म्हणाले तेव्हा आम्हाला बरं वाटलं. मेणवाल्या काकांनी त्यांना पाणी आणून दिलं. नंतर यंत्राने दात कोरले, काकांनी चावा जुळवला, रंगबाई आणि घासूमास्तर शेजारी बसले, प्रत्येक केस एकमेकांना विचारून काढला, आणि चार दिवसांत बाईंची कवळी झाली. ती त्या घालतात. शिट्टी वाजत नाही. आता आम्ही नऊलाच जातो. मेणाच्या डब्यात काय होतं तेही काकांनी दाखवलं. साधं मेण होतं.

राहिलं माझं टेबल. मालकांनी मला बोलावून सरळ सांगितलं की महिनाअखेर प्लॅस्टर बंद. मात्र यंत्राने कोरलेले दात माणसाच्या तोंडात बसवायला हात लागणारच, आणि तो हात माझा चालेल, पण आधी मी एक पूर्ण कवळी पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करून दाखवायची. काका शिकवतील, पण हात लावणार नाहीत. ती घालणारा माणूस मीच शोधून आणायचा, त्याने ती आठवडाभर वापरायची, आणि मग तपासणार मुख्याध्यापिकाबाई. त्या त्याला समोर बसवून कडक बिस्कीट खायला देणार आणि एक पान मोठ्याने वाचायला लावणार. म्हणजे माझं पुढचं सगळं एका बिनदाताच्या माणसावर आलं आहे. बाबांकडच्या नातेवाइकांत चौकशी केली, पण तिकडचे लोक तुम्हाला माहीतच आहेत. ऐंशीव्या वर्षीही दाताने दोरीची गाठ सोडवतात. थोरल्या काकांनी माझ्यासमोर बाटलीचं झाकण दाताने उघडलं आणि मला नीट दिसलं नसेल म्हणून दुसरी बाटली मागवली. आईकडच्या माणसांविषयी मला काही म्हणायचं नाही. असो. काहीतरी होईलच, तुम्ही काळजी करू नये.

मामींना माझा नमस्कार सांगावा. आई म्हणते गुडघ्याला शेक घेत जा. पत्रात काही चुकलं असेल तर ते वयाचं समजावं, शुद्धलेखनाचं नाही, ते मी दोनदा तपासलं आहे.

तुमचा, सांगाल ते ऐकणारा आणि न सांगितलेलंही वहीत लिहून ठेवणारा,
भाचा

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. त्या कवळीसाठी तुमच्या ओळखीत कुणी असेल तर पाहावं. वय साधारण त्रेसष्ट, उंची पाच फूट सात इंच, चेहरा रुंद, हनुवटी किंचित डावीकडे. दुकानदार असल्यास उत्तम, कारण त्याला दुपारी एक ते चार वेळ असतो. थोडक्यात तुमच्यासारखाच कुणीतरी, फक्त अर्थातच तुमच्यासारखे स्वतःचे बत्तीस दात नसलेला.

दुसरा ता. क. पाकिटाला डिंक लावला होता, तो पुसून पुन्हा लिहितो आहे. मामा, मी धाकटा आहे, पण हे धंद्याने सांगतो, राग मानू नये. ताईच्या लग्नातला फोटो माझ्यापुढे आहे. त्यात तुमचे वरचे पुढचे सहा दात फूटपट्टीने आखल्यासारखे एका रेषेत आहेत, आणि त्यांचा रंग असा आहे की रंगबाई म्हणतात तो यायचा बंद होऊन दहा वर्षं झाली. (फोटो कुणाचा ते मी सांगितलं नाही. बाकीचा चेहरा अंगठ्याने झाकला होता.) शिवाय सफरचंद तुम्ही चाकूने पातळ कापून खाता आणि सभ्य माणसं असंच खातात म्हणता. ज्याने कुणी ती कवळी केली त्याचा हात वाईट नव्हता, पण आता उजवीकडची हिरडी दुखत असणार, कारण गेली कित्येक वर्षं तुम्ही फक्त डावीकडून हसता. मी कुणाला बोललो नाही, आईलाही नाही. येत्या बुधवारी दुपारी दोन वाजता मागच्या बोळातून यावं, तिथून आलेलं कुणाला दिसत नाही. मामींना काहीही कारण सांगावं. यायचं नसेल तर मी समजेन, आणि हे पान मी लिहिलंच नाही असं आपण दोघं धरून चालू.

तिसरा ता. क. मामींना कारण सांगायची गरज नाही. खरं म्हणजे मी गेल्या रविवारी तुम्ही दुकानात असताना घरी येऊन गेलो. त्यांनी माझा चेहरा बघून विचारलं आणि मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुझ्या मामालाच बसव की." त्यांना अकरा वर्षांपासून माहीत आहे. न्हाणीघरातल्या फळीवर दाढीच्या सामानामागे तुम्ही जो पेला लपवता, त्यातलं पाणी तुम्हाला रोज ताजं मिळतं ते त्या बदलतात म्हणून. हे तुम्हाला सांगणार नाही असं मी त्यांना वचन दिलं आहे, म्हणून सांगत नाही, फक्त लिहितो आहे. बुधवारी त्याही येणार आहेत. त्यांनी मला एकच ताकीद दिली आहे की मी घाबरून काहीही घासू नये, काम नीट करावं, कारण अकरा वर्षं त्यांना तुमचं अर्धंच हसू बघायला मिळालं आहे.